नीलांजनेच्या जागी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या श्राविका मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलाबी झाडांचे फोटो यायला लागतात. सकाळी णमोकार मंत्राचं चित्र, त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि मग हे फोटो. 'मुंबईत चेरी ब्लॉसम! आता जपानला जायची गरज नाही.' फोटो विक्रोळीच्या हमरस्त्याचा असतो, नाहीतर बेंगळुरूचा. त्याखाली हात जोडलेले आणि डोळ्यांत बदाम असलेले चेहरे रांगेनं येतात.

पूर्वी मीही बघून पुढं जायची. आता लिहिते, 'बायांनो, ही चेरी नव्हे, हा टॅबेबुया.' की लगेच उत्तर येतं, 'अक्का, गुलाबी आहे ना? मग झालं की!'

झालं की, हे खरंच. डोळ्यांना सुख झालं, फोटो पुढं गेला. झाडाचं नाव चुकलं म्हणून कुणाचा उपास मोडत नाही. तरी मला ते 'झालं की' आता खटकतं. का खटकतं ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

आधी टॅबेबुयाचं. तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा. त्याचं फूल कर्ण्यासारखं, पाकळ्या खाली एकमेकींना जोडलेल्या. त्यामुळं गळताना अख्खं फूल टपकन खाली येतं. पान हाताच्या पंजासारखं, पाच बोटांचं. बहर ओसरला की लांब बारीक शेंगा लोंबतात. चेरीत यातलं काहीच नाही. चेरी गुलाबाच्या कुळातली. बदाम, जर्दाळू, पीच, आलुबुखार ही तिची भावंडं. तिच्या पाकळ्या सुट्या असतात आणि गळतात त्याही एकेक, वाऱ्यावर तरंगत.

मग आपल्या देशात चेरी नाहीच का? आहे की. हिमालयात आहे. गढवालात तिला 'पय्यां' म्हणतात, पवित्र मानतात, लग्नकार्यात तिच्या फांद्या लागतात. ही चेरी वसंताची वाट बघत नाही, शरद संपता संपता फुलते. म्हणून शिलाँगची झाडं नोव्हेंबरात गुलाबी होतात. आणि आपण बायकांनी तिला पाहिलं नसलं तरी तिचं नाव ऐकलेलं असतं. काष्ठौषधींच्या दुकानात 'पद्मकाष्ठ' म्हणून जे लाकडाचे तुकडे मिळतात, ते याच झाडाचे. म्हणजे जी चेरी बघायला लोक विमानात बसतात, तिची बहीण आपल्या काढ्याच्या पुडीत कधीची येऊन बसली आहे.

मला हे ओळखणं शिकवलं ते न्यू जर्सीत, लेकीच्या शेजारणीनं. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेत ग्रंथपाल होती. माझं इंग्रजी बेताचं आणि तिचं बोलणं सावकाश, त्यामुळं आमचं जमलं. लेकीच्या घरापुढं, फुटपाथला लागून चेरीचं एक मोठं झाड होतं. मी मार्चमध्ये पोचले तेव्हा त्यावर पानही नव्हतं. 'फुलं कधी येणार?' असं मी रोज विचारायची. एक दिवस ती म्हणाली, फुलांची वाट कशाला बघतेस, साल बघ.

मी बघितली. चेरीची साल तपकिरी, तांब्याची झाक असलेली, जरा चकाकणारी. तिच्यावर आडव्या बारीक रेघा असतात, कुणीतरी सुईनं आडवे टाके घालत वर गेल्यासारख्या. झाड त्यातून श्वास घेतं. एकदा ही साल डोळ्यांत बसली की भर थंडीतसुद्धा रस्त्यानं जाताना चेरी ओळखता येते. पुढं पान आल्यावर तिनं देठ दाखवला. देठ पानाला मिळतो तिथं बहुधा दोन इवले तांबूस फुगवटे असतात, मोहरीपेक्षाही लहान. त्यांतून गोडसर रस पाझरतो आणि मुंग्या येतात.

फुलांच्या खुणा आणखी सोप्या. चेरीच्या एका डोळ्यातून चार-पाच फुलं निघतात, प्रत्येकाला लांब देठ, सगळे देठ एकाच ठिकाणाहून फुटलेले, म्हणून घोस लोंबतो. साध्या फुलाच्या पाकळीच्या टोकाला छोटी खाच असते, बाळाच्या हनुवटीला असते तशी. आलुबुखाराच्या पाकळीला खाच नसते, ती गोल. पीचच्या फुलाला देठ जवळजवळ नसतोच, फूल फांदीला चिकटून बसतं. आणि तिकडं रस्त्याकडेला पांढऱ्याशुभ्र फुलांची झाडं दिसतात, लोक त्यांनाही चेरी म्हणून मोकळे होतात, ती पुष्कळदा शोभेच्या पेअरची असतात. जवळ गेलं की नाकाला पदर लावावा असा वास. चेरीला असा वास नाही.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लेकीनं आम्हा दोघींना नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमध्ये नेलं. तिथं चेरीची पाच हजारांवर झाडं आहेत, वॉशिंग्टनपेक्षाही जास्त. या बागेला पहिली दोन हजार झाडं १९२७ साली एका बाईनं दिली, कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड तिचं नाव. तिनं आणि तिच्या भावानं मिळून पुढं प्रिन्स्टनची ती प्रसिद्ध संस्थाही उभी केली, जिथं आइन्स्टाइननं अखेरपर्यंत काम केलं. आइन्स्टाइन सगळ्यांना ठाऊक. झाडांखाली चटया पसरून बसलेल्यांत बाईचं नाव किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

तिथं कळलं की चेरी ही एक चीज नाही, मोठं खटलं आहे. सगळ्यांत आधी येते 'ओकामे', लहान चणीची, गडद गुलाबी. मग 'शिदारे', जिच्या फांद्या केस धुऊन मोकळे सोडल्यासारख्या खाली लोंबतात. मग 'योशिनो'. हिचं फूल पाच पाकळ्यांचं, उमलताना फिकं गुलाबी आणि मग जवळपास पांढरं. पानं यायच्या आत फुललेली, म्हणून सगळं झाड ढगासारखं दिसतं. ही योशिनो जुन्या टोकियोजवळच्या सोमेई गावच्या माळ्यांनी पसरवली. जगभरातली सगळी योशिनो कलमानं वाढवलेली, एकाच झाडाची रूपं. एका भागातली झाडं एकदम फुलतात आणि एकदम झडतात ती त्यामुळंच. आणि सगळ्यांच्या शेवटी, योशिनो झडल्यावर दोनेक आठवड्यांनी, 'कान्झान'. अमेरिकेत तिला क्वान्झान म्हणतात. हिचं फूल भरगच्च, वीस-पंचवीस पाकळ्यांचं, गडद गुलाबी, शेवंतीच्या गोंड्यासारखं. सोबत येणारी कोवळी पानं तांबूस.

लेकीच्या दारातलं झाड कान्झान होतं. त्या वर्षी महावीर जयंती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली आणि झाड नेमकं तेव्हा भरलं. मी एक फूल हातात घेऊन बघितलं, खाली पडलेलं. शेजारीण म्हणाली, मधोमध बघ. फुलाच्या पोटात, जिथं फळ धरायची जागा असते तिथं, दोन चिमुकली हिरवी पानं होती, टोकाला वळलेली. कान्झानच्या फुलांत ही अशी दिसतात. 'फुगेन्झो' नावाची आणखी एक जुनी जात आहे, तिच्यातही असतात, आणि तिचं नाव त्यावरूनच पडलं. फुगेन म्हणजे बौद्धांचे एक बोधिसत्त्व, पांढऱ्या हत्तीवर बसणारे. ती दोन वळलेली पानं म्हणजे त्या हत्तीचे सुळे.

मला हसू आलं. पांढरा हत्ती म्हटल्यावर आमच्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला दुसरं काय आठवणार? मरुदेवी मातेची सोळा स्वप्नं आणि त्यांत पहिला ऐरावत. आमच्या मंदिरातल्या पंचकल्याणकाच्या चित्रात तो हत्ती आहे, लहानपणी मी त्याचे सुळे मोजायची. जपानी माणसानं फुलात हत्ती पाहिला आणि मी फुलात माझं मंदिर पाहिलं. बारकाईनं बघितलं की असं होतं. नुसतं 'गुलाबी' म्हणून पुढं गेलं असतं तर फुलात हत्ती असतो हे मरेपर्यंत कळलं नसतं.

पण त्या दोन पानांची दुसरी बाजूही शेजारणीनं सांगितली. फळाच्या जागी पान आलं म्हणजे फळ धरत नाही, बी होत नाही. कान्झानला आपलं लेकरू नाही. माणसानं कलम केलं तरच ती पुढं चालते. रानचेरीच्या खुंटावर तिचा डोळा भरतात. लेकीच्या झाडाच्या बुंध्यावर तो सांधा दिसायचा, जाड कडं घातल्यासारखा. खालची साल वेगळी, वरची वेगळी. कधी कधी सांध्याखालून खुंटाची फांदी फुटते आणि गुलाबी झाडाच्या अंगावर साध्या पांढऱ्या फुलांचा एक तुरा येतो. कलमाची गोष्ट ऐकताना प्रत्येक बाईला स्वतःची गोष्ट आठवते. आठवू दे. मला इथं झाडाविषयी बोलायचं आहे.

कान्झानचं आयुष्य थोडं. पंधरा ते पंचवीस वर्षं धरतात, बरी निगा ठेवली तर आणखी काही. चेरीत दीर्घायुषीही आहेत. 'एडोहिगान' जातीचे हजार वर्षांहून जुने मानले जाणारे वृक्ष जपानात आजही फुलतात. पण दारोदार लावलेली ही भरगच्च फुलांची चेरी लवकर थकते. लेकीचं झाड घराच्या आधीच्या मालकांनी लावलेलं. त्याच्या खोडातून जागोजागी मधाच्या रंगाचा डिंक गळत होता. बुंध्याला गवत कापायच्या यंत्राची जुनी जखम होती आणि तिथं अळंबी उगवली होती. फुलांनी भरलेल्या झाडाची एक अख्खी बाजू वाळकी होती. झाडं तपासणारा माणूस आला, त्यानं खोडावर हातोडीनं ठोकून बघितलं आणि म्हणाला, आतून पोकळ आहे, फार तर वर्षभर. त्याच्या एका जाड फांदीखाली सकाळी मुलं शाळेच्या पिवळ्या बसची वाट बघत उभी राहत. त्यांत माझी नात.

लेक संध्याकाळी म्हणाली, "आई, काढून टाकू या. त्याच खड्ड्यात तसलंच नवं आणून लावू. नर्सरीत मोठी मिळतात. आणि कलमच असतं ना ते? म्हणजे तेच झाड. दोन वर्षांत कुणाला कळणारसुद्धा नाही."

ती व्यवहाराचं बोलत होती आणि बरोबर बोलत होती. पण 'कुणाला कळणारसुद्धा नाही' हे शब्द ऐकले आणि मी हातातली भाजी तशीच ठेवली. ही गोष्ट मी ऐकलेली होती.

तुम्हीही ऐकली आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे, आणि पर्युषणात दर दोन-तीन वर्षांनी कुठलं तरी मंडळ ती रंगमंचावर बसवतंच. ऋषभदेव राज्य करत होते. सुखाचे दिवस होते. इंद्राला वाटलं, यांची दीक्षेची वेळ जवळ आली, पण मन अजून दरबारात आहे. त्यानं नीलांजना नावाची अप्सरा नाचायला पाठवली. तिचं आयुष्य संपत आलं आहे हे त्याला ठाऊक होतं. ती नाचू लागली आणि नाचता नाचताच तिचं आयुष्य सरलं, दिवा विझावा तशी ती नाहीशी झाली. इंद्रानं त्याच क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी उभी केली. तेच रूप, तेच दागिने, तोच पदन्यास. ताल चुकला नाही. सभेला काही कळलं नाही, सभा डोलत राहिली. एकट्या ऋषभदेवांना कळलं, की ही ती नव्हे. आणि तिथून त्यांना वैराग्य झालं.

लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत मी कायम नीलांजनेकडंच बघत आले होते. आयुष्य क्षणभंगुर आहे, अनित्य भावना, बारा अनुप्रेक्षांतली पहिली. तेवढं समजलं की गोष्ट समजली असं वाटायचं. लेकीच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा माझं लक्ष सभेकडं गेलं. एवढी मोठी सभा. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एक जीव गेला आणि कुणाला पत्ता नाही, कारण जे बघायला ते बसले होते ते चालूच होतं. त्यांनी नाच पाहिला होता, नाचणारी पाहिली नव्हती. अनित्यता सगळ्यांच्याच पुढं घडते. ती दिसते मात्र ज्यानं नीट ओळख करून घेतली आहे त्यालाच.

पुढं आम्ही वॉशिंग्टनला गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं. तिथल्या झाडांची हकीकत पाटीवर लिहिलेली असते. १९१० साली जपानहून दोन हजार झाडं आली, पण त्यांत कीड आणि रोग निघाले म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीनं ती जाळली. एवढी झाडं आणि त्यांतले जीव. वाचताना अंगावर काटा आला. मग १९१२ साली ३,०२० झाडं पुन्हा आली, आणि २७ मार्चला टाफ्टबाई आणि जपानी राजदूतांच्या पत्नी या दोघींनी पहिली दोन झाडं लावली. त्या ३,०२० मधली आज फार थोडी उरली आहेत. एकेक गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, पुष्कळदा त्याच जुन्या झाडांची कलमं. १९५२ साली तर उलटं झालं. टोकियोच्या अराकावा नदीकाठची मूळ झाडं युद्धकाळात खालावली होती, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनहून डोळे परत पाठवले. दरवर्षी लाखो लोक येतात, त्याच पाण्याकाठी उभे राहतात, तसाच फोटो काढतात. सभा डोलत राहते.

यात वाईट काही नाही. पुन्हा झाड लावणं हे चांगलंच काम. आणि ओळख असली की नेहमी वैराग्यच येतं असंही नाही. कधी कधी ओळखीमुळं गेलेलं परत येतं. कॉलिंगवूड इंग्रॅम नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते, आधी पक्ष्यांचे अभ्यासक, मग चेरीच्या नादी लागलेले. १९२३ साली ससेक्समधल्या एका बागेत त्यांना मोठ्या पांढऱ्या फुलांचं मरणासन्न झाड दिसलं. त्याच्या काड्या आणून त्यांनी कलमं केली. १९२६ साली ते जपानला गेले, तिथं एका चेरीच्या जाणकारानं त्यांना आपल्या पणजोबांनी काढलेलं चित्र दाखवलं. त्यात पांढऱ्या चेरीचं फूल होतं. ही जात आता उरली नाही, असं तो जाणकार म्हणाला. इंग्रॅमनी फूल ओळखलं. ते त्यांच्या बागेत वाढत होतं. त्याचं नाव 'ताइहाकु', म्हणजे मोठी पांढरी.

पुढं त्याच्या काड्या जपानला पाठवायच्या, तर वाटेत वाळून जायच्या. अखेर १९३२ साली त्या बटाट्यात खोचून सैबेरियाच्या रेल्वेनं पाठवल्या, ओल टिकली आणि काड्या जगल्या. बटाटा म्हणजे साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव, आमच्या ताटात त्याला जागा नाही. पण या एका बटाट्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता लेकीच्या दारातल्या झाडाचं. मी काही 'तोडू नको' म्हणून हटून बसले नाही. शाळेच्या मुलांवर फांदी पडली असती तर ती कुठली अहिंसा? गृहस्थाच्या हातून होणारी आरंभी हिंसा अटळ असते, संकल्पानं केलेली टाळायची असते, हे आपण शिकतो. पण अटळ आहे म्हणून बेफिकीर असायचं, असं कुठं शिकवलेलं नाही. मी लेकीला एवढंच म्हटलं, "बाळ, तेच झाड नव्हे गं. शरीर सारखं असलं म्हणून जीव एक होत नाही. हे वेगळं, ते वेगळं. हे गेलं की गेलं म्हणायचं, मग नवं आणायचं."

लेक जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आत्ता नको. घरटं आहे."

मला दिसलंच नव्हतं. वाळक्या बाजूच्या बेचक्यात रॉबिन पक्ष्याचं घरटं होतं, निळ्या अंड्यांचं. तिला ते रोज खिडकीतून दिसत होतं. म्हणजे लेकसुद्धा बघत होती, तिच्या पद्धतीनं.

बसथांब्याकडची फांदी त्याच आठवड्यात हलक्या हातानं उतरवून घेतली. बाकीचं झाड तसंच ठेवलं. पिल्लं उडाली, घरटं रिकामं झालं, आणि मग जुलैमध्ये माणसं आली. सकाळी आम्ही तिघी झाडाजवळ उभ्या राहिलो, शेजारीणही आली. मी णमोकार म्हटला आणि 'खामेमि सव्वजीवे' म्हटलं. शेजारणीनं अर्थ विचारला, लेकीनं सांगितला. दोन तासांत झाड गेलं. बुंध्याच्या आत खरंच मूठभर भुसा होता.

नवं झाड आणायला नर्सरीत गेलो तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, कुठं लावणार? त्याच जागी, असं लेक म्हणाली. तो म्हणाला, तिथं नको. जुनी चेरी जिथं होती त्या मातीत नवी चेरी नीट धरत नाही, मातीत जुन्या मुळांचे रोग राहतात. चार-पाच पावलं बाजूला लावा, त्या जागी दुसरं काही लावा. मला फार बरं वाटलं. इंद्राला जमलं ते मातीला मान्य नव्हतं.

तर जुनी जागा मोकळी राहिली, तिथं आता शेवंती आहे. नवी कान्झान कुंपणाकडं सरकून लावली. गेल्या एप्रिलमध्ये नातीनं व्हिडिओ कॉल करून मला तिची फुलं दाखवली. तीनच घोस होते. मी विचारलं, "फुलाच्या मधे बघ, काय आहे?" तिनं फोन इतका जवळ नेला की पडदाभर गुलाबी झालं. म्हणाली, "आजी, हत्तीचे दात." मग जरा थांबून म्हणाली, "पण ते आधीचं झाड मोठं होतं. त्याला जखम होती. हिला नाहीये."

पुढच्या फेब्रुवारीत ग्रुपवर फोटो आले की मी पुन्हा लिहीन, ही चेरी नव्हे, हा टॅबेबुया. टॅबेबुयाही सुंदर आहे, त्याला त्याच्या नावानं सुंदर म्हणा. गळलेलं फूल उचलून बघा, अख्खं आहे की पाकळ्या सुट्या आहेत. खोडावर हात ठेवा. आपल्या गल्लीतलं एक झाड तरी इतकं ओळखीचं असू द्या, की ते बदललं तर तुम्हाला कळेल.